डोंगर सरकणार हे आधी कसे कळते?

३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्यात आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. १५१ माणसे गेली. एस.टी.चा ड्रायव्हर गाडी घेऊन आला तर त्याला गावच दिसेना. बाईंनी हे सांगितले तेव्हा वर्गात कोणीच बोलले नाही. आमची वाडी पण डोंगराखाली आहे. म्हणून मी विचारले, हे आधी कळत नाही का?

बाईंनी प्रयोग करायला सांगितला. मी पाट तिरका ठेवला, त्यावर माती थापली आणि तांब्याने हळूहळू पाणी घातले. आधी माती जास्तच चिकटली. मला वाटले प्रयोग चुकला. पण घालतच राहिलो तर सगळी माती एकदम खाली आली. आई ओरडली ते वेगळेच. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळी असते. ती पाण्याने भरली की पाणी कणांना आतून ढकलते. मग त्यांची पकड सुटते. मातीचे वजनही वाढते.

केरळात मुन्नार येथे अमृता विद्यापीठाने डोंगरात खोल भोके पाडून सेन्सर बसवले. सेन्सर म्हणजे बदल ओळखणारे यंत्र. एक आतल्या पाण्याचा दाब सांगते, एक जमीन कलली का ते सांगते. ही माहिती बिनतारी यंत्राने कॉम्प्युटरकडे जाते. तिथे डोंगराचे मॉडेल असते. मला वाटले मातीचे असेल, आपण किल्ला करतो तसे. पण ते गणित असते! धरून ठेवणारा जोर भागिले खाली ओढणारा जोर. उत्तर १ पेक्षा बरेच जास्त असेल तर भीती नाही. १ च्या जवळ आले की लोकांना घरे सोडायला सांगायचे. २००९ च्या पावसाळ्यात तिथे असा इशारा दिला होता.

एवढी यंत्रे सगळ्या डोंगरांवर नाहीत. पण पाऊस आपल्यालाही मोजता येतो. बाटलीचे तोंड कापून उलटे बसवायचे. तळ वाकडा असतो, म्हणून खडे टाकून रेघेपर्यंत पाणी भरायचे. तिथे शून्य. रोज सकाळी साडेआठला बघायचे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ चौरस मीटर जागेवर १ लिटर पाणी.

आजी म्हणते, गुरांच्या वाटेवर भेग पडली आहे. दादाने आणि मी भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोकली. अंतर वाढले तर सरपंचांना सांगणार आहोत. रविवारी ४१ सेंटिमीटर भरले. आज पण ४१ च आहे.