इराणचें प्राचीन साम्राज्य

कोरेश, दारयावेश, अहश्वेरोश हीं नांवें बायबलाच्या तासास आमच्या विद्यार्थ्यांच्या कानांवरून नेहमींच जातात. हे इराणच्या हखामनी घराण्यांतील राजे होत. त्यांचें राज्य केवढें होतें व तें टिकलें कसें, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

कोरेशानें इ. स. पू. ५५० मध्यें मेदी लोकांच्या राजास जिंकिलें, पुढें लुदिया घेतला व ५३९ मध्यें बाबेल हस्तगत केलें. जित लोकांस देशोधडीस लावून त्यांचीं दैवतें उचलून आणण्याची बाबेलची रीत त्यानें चालविली नाहीं. यहूदी लोकांस यरुशलेमेस परतण्याची मोकळीक मिळाली ती याच वेळीं. बाबेलच्या अवशेषांत १८७९ सालीं मातीचें एक लेखांकित नळकांडें सांपडलें. त्यांत इतर लोकांच्या मूर्तीहि आपण स्वस्थानीं पोंचविल्या, असें कोरेश सांगतो. ही निव्वळ दया होती असें आम्हांस वाटत नाहीं. संतुष्ट प्रजेवर पहारा थोडा लागतो, हें त्या चतुर राजास पक्कें ठाऊक असावें.

त्याचा पुत्र कंबुजीय यानें ५२५ मध्यें मिसर देश जिंकिला. नंतर दारयावेश (इ. स. पू. ५२२–४८६) गादीवर येतांच चोहोंकडे बंडें उसळलीं. एकोणीस लढाया मारून नऊ राजे धरिल्याची हकीकत त्यानें बेहिस्तूनच्या कड्यावर तीन भाषांत कोरविली आहे. (हा लेख इ. स. १८३५ च्या सुमारास उतरून घेऊं लागलेला व पुढें त्याचा अर्थ उलगडणारा रॉलिन्सन हा मुंबई इलाख्याच्या फौजेंतला अधिकारी होता!)

सिंधूपासून इजियन समुद्रापर्यंत पसरलेल्या या राज्याचे दारयावेशानें प्रांत पाडिले, प्रत्येकावर क्षत्रप नेमिला व कर ठरविला. सिंधूकांठच्या प्रांताकडून सोन्याच्या रेतीचे ३६० तालांत येत, असें ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो. सार्दिसपासून सूसापर्यंतच्या राजमार्गावर १११ ठाणीं होतीं. पायीं जाणारास तेथें तीन महिने लागत. पण ठाण्याठाण्यावर ताजा घोडा व ताजा स्वार मिळत असल्यामुळें राजाचें पत्र कितीतरी लवकर पोंचे. दूरच्या प्रांतांचा लिखापढीचा व्यवहार बहुधा अरामी भाषेंत चाले; जेत्यांनीं आपल्या भाषेचा हट्ट धरिला नाहीं.

इ. स. पू. ३३० मध्यें शिकंदरानें पर्सिपोलिस येथील राजवाडे जाळिले. तरी प्रांतांवर क्षत्रप नेमण्याची पद्धति त्यानेंहि ठेविली. तें नांव पुढें हिंदुस्थानांतहि रुजलें. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत राजा नहपान यास हीच पदवी लाविलेली आढळते.