चौकट : ‘कुरप्ट एफएम’चे पुनरागमन
मॉक्युमेंटरी, म्हणजे माहितीपटाचा आव आणून रचलेले कल्पित प्रहसन, या प्रकारात बीबीसी थ्रीवरील ‘पीपल जस्ट डू नथिंग’ (२०१४–१८) ही बाफ्टाविजेती मालिका विशेष उल्लेखनीय ठरते. पश्चिम लंडनमधील ब्रेंटफर्ड येथे ‘कुरप्ट एफएम’ हे विनापरवाना, म्हणजे ‘पायरेट’, रेडिओ केंद्र चालवणारा एमसी ग्रिंडा (एमसी म्हणजे वाजत्या संगीताच्या ठेक्यावर यमके जुळवत बोलणारा) हा नव्वदच्या दशकातील गराज या नृत्यसंगीताचा बहर ओसरल्यावरही स्वतःला सम्राटच समजतो. याच मालिकेवर आधारित २०२१ च्या ‘बिग इन जपान’ या चित्रपटात केंद्र बंद पडलेले असताना ग्रिंडा आणि त्याच्या साथीदारांचे गाणे एका जपानी गेम शोमध्ये वाजते आणि मंडळी थेट टोकियो गाठतात. फजितीपेक्षा, कॅमेऱ्यासमोर पूर्ण गांभीर्याने मारलेल्या बढायाच अधिक हसवतात. अ‍ॅलन मुस्तफा, असीम चौधरी प्रभृती कलाकारांनी ही पात्रे स्वतःच घडवल्यामुळे त्यांची बोली कुठेही उसनी वाटत नाही.