जुनी मोटार देऊन नवी घेताना

मोटार ही आता केवळ धनिकांच्या दारात दिसणारी वस्तू राहिलेली नाही. तालुक्याच्या गावाहून रोज ये-जा करणारे शिक्षक, दौऱ्यावर असणारे अधिकारी, बाजार समितीच्या आणि पंचायतीच्या कामासाठी हिंडणारे कार्यकर्ते अशा अनेकांच्या कुटुंबांत एक गाडी वापरून झाली आहे आणि दुसरी घेण्याचा विचार सुरू आहे. घराखालोखाल ही कुटुंबाची सर्वांत मोठी खरेदी होय. तथापि घर घेताना जी कागदपत्रे बारकाईने तपासली जातात, तितकी काळजी मोटारीच्या बाबतीत क्वचितच घेतली जाते. जुनी गाडी देऊन नवी घ्यावयाची असेल तर ही काळजी दुप्पट आवश्यक ठरते; कारण तेथे ग्राहक हा एकाच वेळी खरेदीदारही असतो आणि विक्रेताही असतो.

घासाघीस करण्याची ही संधी तशी अलीकडचीच आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुर्ल्याच्या कारखान्यातील प्रीमियर पद्मिनी किंवा उत्तरपाड्याची अम्बॅसडर यांपैकी एकीची निवड करून, अनामत भरून ग्राहकाला वर्षानुवर्षे क्रमांकाची वाट पाहावी लागे. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली आणि १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाला. त्यानंतर कारखाने वाढले, स्पर्धा वाढली आणि विक्रेताच ग्राहकाची वाट पाहू लागला. पुढे कंपन्यांनी स्वतःच जुन्या गाड्या घेण्यास प्रारंभ केला. मारुतीचा 'ट्रू व्हॅल्यू' हा उपक्रम २००१ मध्ये सुरू झाला. आज बहुतेक वितरकांकडे जुनी गाडी देऊन नवी नेण्याची सोय असते. ही सोय उपयुक्त आहे, परंतु तिचा खरा लाभ व्यवहाराची फोड करून पाहणाऱ्यालाच मिळतो.

चार व्यवहार, एक बेरीज

अशा खरेदीत वस्तुतः चार स्वतंत्र व्यवहार असतात : नव्या गाडीची किंमत, तिच्यावरील सवलती, जुन्या गाडीचे मूल्य आणि विमा व कर्ज. विक्रेता मात्र या चारही व्यवहारांची एकच मोट बांधून "तुम्हाला वर फक्त इतके द्यावे लागतील" असा एकच आकडा पुढे ठेवतो. या एका आकड्यात एका बाजूने दिलेले दुसऱ्या बाजूने काढून घेणे सोपे असते. म्हणून ग्राहकाने प्रथम जुन्या गाडीचा विषयच काढू नये. नवी गाडी रोखीने व जुनी न देता घ्यावयाची झाल्यास तिची ऑन-रोड किंमत किती, याचे बाबवार लेखी कोटेशन घ्यावे. शक्य असल्यास दोन-तीन वितरकांकडून घ्यावे. त्यानंतरच जुन्या गाडीविषयी बोलावे.

कोटेशनमधील प्रत्येक बाब सरकारी आहे की विक्रेत्याची, हे ओळखले पाहिजे. वस्तू व सेवा कर, मोटार वाहन कर आणि नोंदणी शुल्क यांत घासाघीस होत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्के करण्यात आला. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि १२०० घन सेंटिमीटरपर्यंत पेट्रोल किंवा १५०० पर्यंत डिझेल इंजिनाच्या गाड्या यात मोडतात. त्याहून मोठ्या गाड्यांसाठी हा दर ४० टक्के, तर विजेवरील गाड्यांसाठी ५ टक्के ठरला. महाराष्ट्रात वैयक्तिक मालकीच्या मोटारीवरील एकरकमी वाहन कर २०२५ मधील दरांप्रमाणे पेट्रोल गाडीस किमतीनुसार ११ ते १३ टक्के आणि डिझेल गाडीस १३ ते १५ टक्के होता. दहा लाख रुपयांहून अधिक किमतीच्या गाडीवर वितरक एक टक्का आयकर गोळा करतो. ही रक्कम बुडत नाही, ती आयकर विवरणपत्रात वळती करून घेता येते.

याउलट विमा, सजावटीचे साहित्य, वाढीव हमी, रंगसंरक्षणाचा लेप आणि हाताळणी शुल्क या बाबी विक्रेत्याच्या आहेत. त्या घेणे न घेणे, कमी करून मागणे हा ग्राहकाचा अधिकार आहे. हाताळणी शुल्क हे सरकारी शुल्क नव्हे; ते कशासाठी आकारले जाते, हे अवश्य विचारावे.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. जुनी गाडी दिल्यामुळे नव्या गाडीवरील वस्तू व सेवा कर कमी होत नाही. २०१७ च्या नियमांप्रमाणे जुनी वस्तू घेऊन नवी दिली, तरी कराची आकारणी नव्या वस्तूच्या पूर्ण बाजारमूल्यावर होते.

सवलतींचे प्रकार

सवलत कंपनीची असते किंवा वितरकाची. कंपनीची सवलत त्या महिन्यापुरती जाहीर होते आणि सर्व वितरकांना सारखीच लागू असते. वितरकाची सवलत तो स्वतःच्या नफ्यातून देतो, म्हणून ती बोलण्यावर अवलंबून असते. साधारणपणे रोख सवलत, जुनी गाडी दिल्याबद्दलचा 'एक्स्चेंज बोनस', विशिष्ट आस्थापनांतील कर्मचाऱ्यांसाठीची 'कॉर्पोरेट' सवलत आणि काही कंपन्यांची ग्रामीण ग्राहकांसाठीची सवलत असे तिचे प्रकार आढळतात. शासकीय कर्मचारी, शिक्षक, सरपंच व पंचायत सदस्य यांना यांपैकी एखादी सवलत लागू होण्याचा संभव असतो. परंतु ती आपणहून सांगितली जाईलच असे नाही. ओळखपत्र किंवा वेतनचिठ्ठी सोबत ठेवून, "मला कोणकोणत्या सवलती लागू आहेत आणि त्यांपैकी कोणत्या एकत्र मिळतात?" असे स्पष्ट विचारावे.

काळवेळही महत्त्वाची आहे. गुढीपाडवा आणि दसरा या मुहूर्तांवर गाडी दारात यावी, अशी अनेकांची इच्छा असते. त्या दिवसांत गाडीची निवड आणि वेळेवर ताबा मिळणे कठीण होते. महिनाअखेर, तिमाहीअखेर आणि पितृपंधरवडा या काळात विक्रेता अधिक नमते घेतो. डिसेंबरअखेरच्या सवलतींबाबत मात्र विचार करावा. नोंदणी प्रमाणपत्रावर गाडी तयार झाल्याचा महिना व वर्ष नमूद असते. डिसेंबरात मिळालेली गाडी जानेवारीत एक वर्ष जुनी गणली जाते आणि पुढे विकताना तिला तितकी किंमत कमी येते. गाडी दहा वर्षे वापरावयाची असेल तर ही सवलत लाभाची ठरते. तीन-चार वर्षांत बदलावयाची असेल तर ती बरीचशी कागदावरच राहते.

जुन्या गाडीचे मूल्य

जुनी गाडी वितरकाला देण्यापूर्वी तिची किंमत अन्यत्र काढून घ्यावी. जुन्या गाड्यांचे दोन व्यापारी आणि ओळखीचा एखादा मिस्त्री यांचा अंदाज घेतला, तरी पुरेसा आधार मिळतो. देखभालीच्या पावत्या, दोन्ही चाव्या, चालू विमापत्र आणि प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र जवळ असल्यास भाव चांगला येतो. दंडाची ई-चलने थकलेली असतील तर ती भरावीत. कर्ज फिटलेले असूनही बँकेचा बोजा नोंदणीवर तसाच असेल, तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ देऊन तो उतरवून घ्यावा.

वितरकाने देऊ केलेल्या रकमेत गाडीची मूळ किंमत किती आणि एक्स्चेंज बोनस किती, हे वेगळे लिहून घ्यावे. कारण बोनस मिळवूनही ती रक्कम बाहेरच्या भावाहून कमी भरत असेल, तर जुनी गाडी बाहेर विकणेच श्रेयस्कर होय.

एका कल्पित उदाहरणाने हा हिशेब स्पष्ट होईल. आठ लाख रुपये एक्स-शोरूम किमतीची एकच गाडी दोन वितरकांकडे आहे. वाहन कर व नोंदणीचे ९०,००० रुपये दोन्हीकडे सारखेच धरू. पहिला वितरक जुन्या गाडीचे २,४०,००० रुपये देतो आणि १०,००० रुपयांची सवलत देतो. मात्र विम्याचे ४८,००० आणि साहित्याचे ३२,००० रुपये लावतो. दुसरा जुन्या गाडीचे १,९०,००० रुपयेच देतो, परंतु २०,००० रुपये बोनस व २५,००० रुपये सवलत देतो आणि विम्याचे ३६,००० व साहित्याचे ६,००० रुपये लावतो. पहिल्याकडे एकूण ९,७०,००० मधून २,५०,००० वजा जाऊन ७,२०,००० रुपये द्यावे लागतात. दुसऱ्याकडे ९,३२,००० मधून २,३५,००० वजा जाऊन ६,९७,००० रुपये. जुन्या गाडीची किंमत पन्नास हजारांनी अधिक सांगणारा पहिला वितरक अखेरीस तेवीस हजारांनी महाग पडतो.

विमा आणि कर्ज

विमा वितरकाकडूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. नव्या खाजगी मोटारीस १ सप्टेंबर २०१८ पासून तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वर्षाचा घेता येतो. जुन्या गाडीवर दावा केलेला नसेल, तर साचलेला 'नो क्लेम बोनस' ही विसरता कामा नये अशी ठेव आहे. स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावरील ही सूट दावारहित एका वर्षास २० टक्के, तर पाच वर्षांस ५० टक्क्यांपर्यंत असते. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी देताना विमा कंपनीकडून त्याचे प्रमाणपत्र घेतले, तर तो नव्या गाडीच्या विम्यास लागू होतो.

कर्जाच्या बाबतीत व्याजदर आपल्या बँकेत किंवा पतसंस्थेत आधी विचारून ठेवावा. सहा लाख रुपयांच्या पाच वर्षांच्या कर्जास व्याज ९ ऐवजी ९.७५ टक्के लागले, तर हप्ता दरमहा सुमारे २२० रुपयांनी वाढतो आणि पाच वर्षांत सुमारे १३,००० रुपये अधिक जातात. सवलतीत मिळालेली रक्कम अशा वाटेने परत जाऊ शकते.

नाव बदलले नाही तर

या व्यवहारातील सर्वांत गंभीर बाब किमतीची नाही. नव्या गाडीच्या चाव्या हाती येतात, पेढे वाटले जातात आणि जुन्या गाडीच्या कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून मालक निश्चिंत होतो. ती गाडी पुढे कोणाच्या हाती गेली, हे त्याला ठाऊक नसते. परिवहन कार्यालयाच्या दप्तरी मात्र तोच मालक राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात हाच प्रश्न निकाली काढला. गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, परंतु नोंद मूळ मालकाच्याच नावे होती. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार नोंदणी ज्याच्या नावे तोच मालक, म्हणून अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असा निर्णय न्यायालयाने दिला. सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या एखाद्या शिक्षकावर असा प्रसंग आला, तर आयुष्याची पुंजी धोक्यात येऊ शकते.

यापासून बचावाचा मार्ग कायद्यानेच दिला आहे. अधिनियमाच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत हस्तांतराची सूचना नमुना २९ मध्ये देणे आवश्यक आहे. घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावयाचे असते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी प्राधिकारपत्राची पद्धत अमलात आली. अशा अधिकृत व्यापाऱ्याला गाडी दिल्याची सूचना नमुना २९-सी मध्ये झाली, की तो व्यापारी गाडीचा मानीव मालक होतो. म्हणून गाडी घेणाऱ्याकडे हे प्राधिकारपत्र आहे काय, हे आधी विचारावे. कोऱ्या नमुन्यांवर सही करू नये. ताबा दिल्याची तारीख, वेळ आणि मीटरवरील किलोमीटर यांची नोंद असलेली पोच घ्यावी. जुन्या गाडीचा फास्टॅग बंद करावा आणि केंद्र शासनाच्या 'वाहन' संकेतस्थळावर नाव बदलल्याची खात्री होईपर्यंत पाठपुरावा सोडू नये.

मोडीत काढावयाची गाडी

गाडी फारच जुनी असेल तर ती नोंदणीकृत वाहन निष्कासन केंद्रात देण्याचा पर्याय आहे. तेथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नव्या गाडीचे नोंदणी शुल्क माफ होते. खाजगी गाडीच्या वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद २०२१ च्या केंद्रीय नियमांत आहे. प्रत्यक्ष किती द्यावयाची हे राज्य शासन ठरवते. शिवाय ऑगस्ट २०२४ मध्ये अनेक मोटार कंपन्यांनी अशा ग्राहकांना किमतीच्या दीड टक्का किंवा २०,००० रुपये, यांपैकी कमी असेल तितकी सवलत एका वर्षासाठी देऊ केली होती. अशा योजना मुदतीच्या असतात. खरेदीच्या वेळी कोणती चालू आहे हे विचारून घ्यावे.

बोलणे पूर्ण झाल्यावर ठरलेली प्रत्येक बाब आगाऊ नोंदणीच्या पावतीवर लिहून घ्यावी : गाडीचा प्रकार व रंग, निर्मितीचे वर्ष, सवलती, जुन्या गाडीचे मूल्य, ताब्याची तारीख आणि व्यवहार रद्द झाल्यास रक्कम परत करण्याची अट. वाद उद्भवल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडेही दाद मागता येते. तेथे तोंडी शब्दापेक्षा लेखी पावतीच उपयोगी पडते.

गावात कोणी गाडी बदलण्यास निघाला, की तो प्रथम गुरुजींना, ग्रामसेवकांना किंवा सरपंचांना विचारतो. त्यांनी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या तरी पुष्कळ होईल : चारही व्यवहारांचा हिशेब वेगवेगळा मांड, आणि जुन्या गाडीवरचे नाव बदलल्याखेरीज व्यवहार संपला असे मानू नकोस.