फ्लॅट आपला, जमीन कुणाची?

शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये प्लॉट घेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं: जमीन भाडेपट्ट्याची आहे. मुदत साधारण २५ वर्षं, पुढे नूतनीकरण. तिथेच नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला ठाण्यातल्या फ्लॅटची मात्र पक्की खात्री असते. करारनामा रजिस्टर झालाय, म्हणजे सगळं आपलंच!

फ्लॅट आपला, हे खरं. पण इमारतीखालची जमीन सोसायटीच्या नावावर होते ती अभिहस्तांतरणाने, म्हणजे कन्व्हेयन्सने. १९६३च्या मोफा कायद्यानुसार ते बिल्डरने करून द्यायचं असतं. अनेकांनी ते दिलंच नाही. म्हणून २००८च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, डीम्ड कन्व्हेयन्सची, वाट काढली: बिल्डर टाळत असेल, तर सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करते.

एरवी हे कुणाला जाणवत नाही. इमारत जुनी होऊन पुनर्विकासाची वेळ आली, की प्रश्न उभा राहतो: वाढीव बांधकामाचा हक्क कुणाचा? जमीन बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असेल, तर तो हक्क सांगायला येतोच.

तेव्हा पुढच्या फोनवर आई-बाबांना एवढंच विचारा: मालमत्ता पत्रकावर नाव कुणाचं आहे?