काळवीट माळावरच का राहते?

मानोऱ्याशेजारच्या कारंजा भागात सोहोळचा माळ आहे. सन २००० मध्ये शासनाने तेथे काळविटांसाठी अभयारण्य घोषित केले. क्षेत्र अवघे १८ चौरस किलोमीटर. घनदाट झाडी नाही, मग हे अभयारण्य कसले, असे पाहणाऱ्याला वाटते.

उत्तर काळविटाच्या राहणीत आहे. शत्रूला दुरून पाहणे आणि ताशी सुमारे ८० किलोमीटर वेगाने पळणे, हेच त्याचे संरक्षण. दाट झाडीत ना दूरचे दिसते, ना मोकळे पळता येते. उलट मेळघाटच्या सागवनातले सांबर झाडीच्या आडोशानेच जगते. चारा, पाणी, आसरा या कारणांनी प्राण्याचे घर ठरते, नशिबाने नव्हे. कारणाशिवाय काही घडत नाही, ही तथागतांची शिकवण येथेही दिसते.

मात्र यावरून ‘माणसाचीही जागा जन्माने ठरलेली’ असे कोणी सांगू लागला तर ऐकू नका. काळविटाला माळ निसर्गाने दिला; आपल्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर माणसांनी ठेवले होते.

आज माळाला ‘पडीक’ म्हणून नांगरतात, उन्हाळ्यात गवत पेटवतात. चारा संपला की कळप हरभऱ्यात शिरतात. नुकसान लहान शेतकऱ्याचे, रात्रीची जागल त्याच्याच घरच्यांची. म्हणून गवत राखणे आपल्याही हिताचे आहे. विनाकारण वणवे लावू नयेत, अशी आज्ञा सम्राट अशोकाने पाचव्या स्तंभलेखात कोरली. बंधू-भगिनींनो, निदान आपल्या हातची काडी तरी माळाला लागू देऊ नका. मुलांनाही हे सांगा.