साउंडवाल्याचा दिवस

सकाळी ६:३०
उज्जैन, फ्रीगंजच्या मागच्या गल्लीतलं गोदाम. दादा आधी केबलची पेटी तपासतो, मग चहा घेतो. माल मालकाचा, पण कुठली केबल कुठून दुमडून खराब होते ते दादालाच माहीत. घराणं शिंद्यांच्या काळात इकडे आलेलं. माझ्याशी मराठी बोलतो, पोरांशी माळवी. आज इंदूरला इंडियन ओशन या बँडचा कार्यक्रम आहे, साउंड दादाचा आणि पोरांचा.

अठरा इंची बेसच्या पेट्या चढवायच्या. एकेकीला चौघं लागतात. पाठीवर जोर घ्यायचा नाही, गुडघ्यांवर घ्यायचा, हे दादा दर पेटीला सांगतो. शेवटी मिक्सर, गोधडीत गुंडाळलेला.

सकाळी ८:३०
आयशर निघते. पंचावन्न किलोमीटरचा रस्ता. २०२८च्या सिंहस्थासाठी सहापदरीचं काम चालू आहे, म्हणून ती गोधडी. धूळ मिक्सरच्या फेडरमध्ये गेली की आवाज खरखरतो. सांवेरला पोहे, वर शेव. चहाचे पैसे ज्याचे त्याने द्यायचे.

सकाळी ११:००
मैदान. सगळ्यात आधी जनरेटरचं अर्थिंग. जमिनीत सळई ठोकायची, भोवती मीठ आणि पाणी ओतायचं. हे नीट झालं नाही तर गिटारमागे रात्रभर गुणगुण ऐकू येते. पोरं सळई ठोकतात, दादा मीठ टाकतो.

मग केबल. स्टेजपासून मिक्सरपर्यंत जाडजूड वेटोळं उलगडायचं, लोकांच्या पायात येईल तिथे काळी टेप मारायची. टेपचं रीळ दादा स्वतःच्या पैशाने आणतो. स्वस्तातली टेप उन्हात सुटते, म्हणतो.

दुपारी ४:००
साउंड चेक. गाणं ऐकायला जाणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी या वेळेला जाऊन उभं राहावं, असं मला मनापासून वाटतं. मैदान रिकामं असतं आणि बँड एकेक वाद्य सुटं करून दाखवतो.

हा बँड दिल्लीत १९९० साली उभा राहिला. रॉक म्हणावं तर मधोमध तबला. आधी असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवताच गायचे. २००९ मध्ये ते गेले. आता तबला तुहीन चक्रवर्तींचा, गिटार निखिल राव यांची, गाण्यात हिमांशु जोशी, ड्रमवर अमित किलम, बासवर राहुल राम.

तबल्याला दोन माइक, दोन्ही खाली वाकवलेले. शेजारी ड्रम आहेत. माइक बोटभर सरकला की त्यात झांजच शिरते. दादा गुडघ्यांवर बसून स्टँड सरकवतो, ऐकतो, परत सरकवतो. मग गाबगुबी हे तारेचं वाद्य. काखेत धरायचं, तार ताणायची, छेडायची. ते हातात घेऊन माणूस हलत राहतो, म्हणून माइक जरा लांब लागतो आणि लांब ठेवला की शिट्टी येते. या एका वाद्यापायी पाऊण तास जातो. चहा गार होतो.

संध्याकाळी ७:३०
दादा स्टेजच्या कडेला, अंधारात. कमरेला टेप, खिशात जादा सेल. प्रेक्षक वर बघतात, तो माइकच्या स्टँडकडे बघतो. तबला घुमतो, डग्गा छातीत येतो. दादा पहिल्यांदा मान हलवतो.

'मा रेवा' सुरू होतं. राहुल राम नव्वदच्या दशकात नर्मदा बचाव आंदोलनात होते. हे गाणं त्या खोऱ्यातलं. समोर बसलेल्या इंदूरच्या घराघरांत नळाला नर्मदेचंच पाणी येतं. दादा माझ्या कानाशी येऊन म्हणतो, “ताई, आमच्या क्षिप्रेतही हेच पाणी. पंपाने आणलंय.” २०१४ पासून. २०१६च्या सिंहस्थातली स्नानं त्यातच झाली. बोलून होईपर्यंत एक स्टँड कलतो. दादा वाकून धावतो, पेच आवळतो. गाणं थांबत नाही.

रात्री १०:००
दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. नियमच आहे. शेवटचा ठोका पडतो आणि पोरं स्टेजवर चढतात. लोक सेल्फी काढत असतात, इकडे केबल गुंडाळली जाते. एक वेढा सुलटा, एक उलटा, म्हणजे पीळ पडत नाही. थंडीत प्लास्टिक कडक होतं, बोटं सोलतात. बेस परत चौघांनीच उचलायचे. सकाळपेक्षा जड वाटतात.

रात्री १२:३०
इंदूरचा सराफा, रात्रीचा खाऊबाजार, अजून जागा. सगळ्यांना गराडू आणि भुट्ट्याचा कीस, दादाकडून. सर्वांत लहान पोरगा विचारतो, ते काखेतलं वाद्य मिळतं कुठे? केवढ्याला? दादाला ठाऊक नाही. विचारून सांगतो म्हणतो.

पहाटे ३:००
फ्रीगंज. माल उतरवून, मोजून, शटर खाली. दादाचे बाराशे, पोरांचे सातशे-सातशे. माइकची एक एक्सएलआर केबल आतून तुटली आहे. ती दादा झाळायला घरी नेतो. दुपारी नानाखेड्याला लग्नाचं संगीत आहे, तिथे लागेल.