फोर्टीचा ‘यू’ गेला कुठे?

‘फोर’मध्ये ‘यू’ आहे. ‘फोर्टीन’मध्येही आहे. मग ‘फोर्टी’मध्ये असणारच की! नाही! इंग्रजीत चाळीस लिहायला एफ, ओ, आर, टी, वाय ही पाचच अक्षरं लागतात. ‘फोर्टी’ आणि ‘यू’चा चक्क छत्तीसचा आकडा!

पण याच पाच अक्षरांनी एक जबरदस्त रेकॉर्ड केलाय, माहीत आहे का? एफ, ओ, आर, टी, वाय... ए टू झेडच्या क्रमाने, एकही अक्षर पुढेमागे नाही! इंग्रजीतल्या सगळ्या संख्यांमध्ये असं स्पेलिंग फक्त ‘फोर्टी’चं. आणि बरोबर उलटा क्रम? ओ, एन, ई! म्हणजे ‘वन’. तीही एकच आणि एकटीच!

स्पेलिंगच्या आणखी काही खोडकर मेंबरांना भेटा. ‘नाइन्टीन’ आणि ‘नाइन्टी’ आपला ‘ई’ सांभाळून ठेवतात, ‘नाइन्थ’ मात्र तो टाकून देतो. ‘एट्थ’ला दोन ‘टी’ लावायचा मोह होतो, एकावरच भागवा. आणि ‘ट्वेल्व्ह’चा ‘ट्वेल्फ्थ’ होताना ‘व्ही’ आउट, ‘एफ’ इन!

आता कागद घ्या आणि इंग्रजीत एक ते नव्याण्णव अक्षरी लिहून काढा. ए, बी, सी, डी यातलं एकही अक्षर सापडणार नाही. पैज! शाळेत जी अक्षरं सगळ्यात आधी गिरवली, तीच गायब. ‘डी’ उगवतो ‘हंड्रेड’मध्ये. ‘बी’साठी थेट ‘बिलियन’पर्यंत थांबायचं. ‘ए’ कधी भेटणार ते तुम्ही कुणाची इंग्रजी लिहिता त्यावर आहे. ब्रिटिश लोक ‘वन हंड्रेड अँड वन’ म्हणतात, म्हणून त्यांना तो एकशे एकलाच मिळतो. अमेरिकन सहसा मधला ‘अँड’ गाळतात, त्यांना ‘थाउजंड’ची वाट पाहावी लागते.

अक्षरांची गंमत ठीक, पण पैशांचं काय? तिथे तर अक्षरांचीच सत्ता! चेकवर आकड्यात लिहिलं ५०,००० आणि अक्षरी लिहिलं ‘फिफ्टीन थाउजंड ओन्ली’. आता चेक कितीचा? पंधरा हजारांचा! आपला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१चा. त्याचं कलम १८ सांगतं की आकडा आणि अक्षरं जुळली नाहीत तर अक्षरी रक्कम खरी. ब्रिटनच्या १८८२च्या कायद्यातही हेच. कारण सरळ आहे: १०च्या पुढे एक शून्य चिकटवायला सेकंद लागतो, ‘टेन’चं ‘हंड्रेड’ करणं इतकं सोपं नाही. म्हणून ‘अक्षरी रुपये’ची रेघ सावकाश भरा, दोन शब्दांत ऐसपैस जागा सोडू नका आणि शेवटी ‘ओन्ली’ ठोका. पावतीपुस्तकातल्या ‘फक्त’चं कामही तेच.

फोनवर रक्कम सांगताय? मग ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’मध्ये हिशोबाचे तीनतेरा वाजू देऊ नका! युक्ती सोपी आहे: ‘थर्टीन’मध्ये जोर शेवटच्या ‘टीन’वर, ‘थर्टी’मध्ये सुरुवातीच्या ‘थर’वर. फिफ्टीन-फिफ्टीलाही हाच मंत्र.

बिलियन म्हणजे किती, माहीत आहे का? शंभर कोटी. आज! जुन्या ब्रिटिश हिशोबात बिलियन म्हणजे एक लाख कोटी, हजारपट मोठा. १९७४ साली पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांनी जाहीर केलं की सरकारी कामकाजात बिलियनचा अर्थ यापुढे अमेरिकेसारखा, हजार मिलियन. त्याआधीचं ब्रिटिश पुस्तक हातात आलं तर बिलियन दिसताच ब्रेक दाबा. आपले ‘लाख’ आणि ‘क्रोर’ मात्र ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत ऐटीत बसलेत. फक्त स्वल्पविराम सांभाळा: आपण लिहितो १२,००,०००, परदेशी वाचक वाचतो १,२००,०००.

आकडा लिहायचा की शब्द? इथे दोन तगडे पंच आहेत. असोसिएटेड प्रेसची स्टाइलबुक म्हणते, साधारणपणे नऊपर्यंत शब्द, दहापासून आकडे. शिकागो मॅन्युअल म्हणतं, शंभरपर्यंत शब्दच. एका लेखात एकाचंच ऐका! वाक्याची सुरुवात आकड्याने करू नका, ‘ट्वेंटी-वन’ ते ‘नाइन्टी-नाइन’मधली छोटी रेघ विसरू नका. आणि ‘टू हंड्रेड्स रुपीज’? अजिबात नको! ‘टू हंड्रेड रुपीज’. ‘एस’ फक्त ‘हंड्रेड्स ऑफ पीपल’ला. ‘टेन-रुपी नोट’लाही ‘एस’ नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ असंही वाचन दिलं होतं. हा इंग्रजीसारखाच क्रम, आधी दशक मग एकक. पण इंग्रजी तरी कुठे एवढी सरळ? ‘ट्वेंटी-सिक्स’मध्ये सहा शेवटी, ‘सिक्स्टीन’मध्ये सहा आधी! तेरा ते अठरापर्यंत तिचीही चाल मराठीसारखीच, आधी एकक. मुलांना इंग्रजी पाढे पाठ करायला लावताना हे नक्की दाखवा, ‘टीन’वाले आकडे पटकन डोक्यात बसतात.

एक ॲनाग्राम घ्या: ‘इलेव्हन प्लस टू’. याच अक्षरांची अदलाबदल करा, ‘ट्वेल्व्ह प्लस वन’ तयार! आणि दोन्हींचं उत्तर तेरा. काय योग आहे!

आता जादू. कोणतीही संख्या मनात धरा. समजा तेवीस. ‘ट्वेंटी-थ्री’ची अक्षरं मोजा: अकरा. ‘इलेव्हन’ची सहा. ‘सिक्स’ची तीन. ‘थ्री’ची पाच. ‘फाइव्ह’ची चार. ‘फोर’ची... चारच! इंग्रजीत नावाएवढीच अक्षरं असलेली ही एकमेव संख्या, म्हणून कुठूनही निघा, मुक्काम तिथेच. तुमच्या वयापासून सुरू करा बघू, किती उड्यांत पोहोचताय?